'गेट रिड ऑव्ह': नको ते घालवायचं इंग्रजी

कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात नव्याने कामाला लागलेला माझा एक विद्यार्थी. जुलै महिना, पाऊस आडवा मारत होता. पाहुण्याने गॅलरीत वाळत ठेवलेले बूट भिजायला लागले, म्हणून पोराने ते उचलले आणि आत जिन्याखाली कोरड्या जागी नेऊन ठेवले. पाहुणा बाहेरून आला तेव्हा पोराने हसून सांगितलं, 'सर, आय गॉट रिड ऑव्ह युवर शूज.' पाहुण्याचा चेहराच उतरला. त्याला वाटलं, बूट कचऱ्यात गेले. केलेली होती काळजी, कानावर पडली हेळसांड.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला माझ्या वर्गात येऊन त्याने वही उघडून दाखवली. त्यात मीच लिहून दिलेली ओळ होती: 'गेट रिड ऑव्ह म्हणजे काढून टाकणे.' गॅलरीतून बूट काढले, म्हणून त्याने तो शब्दप्रयोग वापरला. अर्थ चुकीचा नव्हता, अपुरा होता. तो आता पुरा करून देतो. गोव्यात चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकून पाचवीपासून इंग्रजीत जाणाऱ्या पोरांना, आणि हॉटेलात, दुकानात, दवाखान्यात रोज इंग्रजी बोलावं लागणाऱ्या मोठ्यांनाही याचा उपयोग होईल.

आधी कान, मग अक्षर

तीन शब्दांपैकी 'गेट' सगळ्यांच्या ओळखीचा. 'रिड'मधली इ ऱ्हस्व आहे. ती ओढून 'रीड' केलंत तर समोरच्याला 'वाच' असं ऐकू येतं. खरी फसगत तिसऱ्या शब्दात आहे. इंग्रजीत एक एफवाला शब्द वेगळा आणि दोन एफवाला वेगळा. पहिल्याचा उच्चार 'ऑव्ह', दुसऱ्याचा 'ऑफ'. आपण मराठीत लिहिताना दोघांनाही 'ऑफ'च करतो: बँक ऑफ अमुक, आणि लाइट ऑफ कर. त्यामुळे लिहायची वेळ आली की हात आपोआप दोन एफ लावतो. शिवाय दोन एफच्या 'ऑफ'मध्ये दूर होण्याचा, बंद होण्याचा अर्थ आहेच, म्हणून ती चूक बरोबर वाटते. या शब्दप्रयोगात एफ एकच, हे पाठ करून टाका. या लेखात मी मुद्दाम सगळीकडे 'ऑव्ह' लिहितो आहे.

बोलताना तिन्ही शब्द सुटे ठेवू नका. 'रिड'ला 'ऑव्ह' चिकटतो आणि ऐकू येतं 'रिडव्ह'. पुढे 'इट' आलं की 'रिडव्हिट'. ऐकताना हा आवाज ओळखता आला पाहिजे, कारण पर्यटक काही तुमच्यासाठी तीन शब्द तोडून बोलणार नाही.

हलकं कोण झालं?

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळा अर्थ इथे आहे.

'रिड' हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला. उत्तरेकडून समुद्रमार्गे इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांची ती भाषा. तिथे त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ होता जमीन साफ करणं: झाडंझुडपं तोडून, दगड काढून जागा मोकळी करणं. सत्तरीत किंवा काणकोणात जुन्या माणसांनी कुमेरीसाठी, म्हणजे रान तोडून करायच्या फिरत्या शेतीसाठी, डोंगरउतार मोकळा केलेला ज्यांनी पाहिला किंवा ऐकला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र लगेच उभं राहील. उतारावर रान असतं. रान जातं. उतार उरतो, मोकळा.

आता प्रश्न असा की 'रिड' कोण झालं? रान नव्हे, उतार. 'रिड' म्हणजे मोकळा झालेला, आणि 'गेट रिड' म्हणजे मोकळं होणं. 'ऑव्ह'च्या पुढे येतं ते रान, ज्याच्यातून मोकळं झालो ते. म्हणजे 'आय गॉट रिड ऑव्ह द ओल्ड फ्रिज' या वाक्यात वरवर पाहता फ्रिजचं काहीतरी झालं आहे, पण शब्दांच्या मुळाशी पाहिलं तर मी फ्रिजमुक्त झालो आहे. मोकळा मी झालो. ओझं माझ्या डोक्यावरून उतरलं.

त्याच शब्दाची दुसरी बाजू सुटका करण्याची. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायात योसेफाचे भाऊ त्याला मारायला निघतात, आणि थोरला रऊबेन त्याला त्यांच्या हातून वाचवू पाहतो. तिथे 'वाचवावं' या अर्थी क्रियापद 'रिड' आहे: 'रिड हिम आउट ऑव्ह देअर हँड्स'. आजच्या इंग्रजीत असं कोणी बोलत नाही, पण त्या काळात मोकळं करणं आणि सोडवणं हे एकाच शब्दात राहत होतं. आपल्या 'सुटका' या शब्दातही दोन्ही आहेतच: कैदेतून सुटका आणि कटकटीतून सुटका.

म्हणून हा शब्दप्रयोग तोंडात आला की मनात एक प्रश्न विचारायचा: हलकं कोण झालं? बुटांचा मालक हलका झाला होता का? नाही, त्याला ते बूट हवे होते. मग 'गेट रिड ऑव्ह' तिथे बसत नाही. तिथे 'आय मूव्ह्ड युवर शूज इनसाइड' पुरे होतं. हलवणं वेगळं, काढणं वेगळं, आणि नको असलेलं घालवून मोकळं होणं वेगळं. माझ्या जुन्या ओळीत मी तिन्ही एकत्र केले होते.

'पासून'चा मोह

आपल्याकडे सुटका कशापासून तरी होते. डासांपासून सुटका, कर्जापासून सुटका. आणि 'पासून' म्हटलं की इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसाच्या तोंडात 'फ्रॉम' येतो. 'आय वॉन्ट टू गेट रिड फ्रॉम मॉस्किटोज' हे वाक्य मी वह्यांमध्ये इतक्यांदा खोडलं आहे की आता ते दिसायच्या आधी पेन उचललं जातं. यात पोरांचा आळस नाही. आपली भाषा आपल्याला तिकडे ओढते.

नुसतं 'फ्रॉम नको, ऑव्ह हवं' असं सांगून ते टिकत नाही, म्हणून मी त्याचं गोत्र सांगतो. इंग्रजीत क्रियापदांचं एक घराणं आहे, ज्यात कोणाकडून तरी काहीतरी जातं आणि मध्ये 'ऑव्ह' बसतो. 'रॉब': चोराने बाईला सोन्यापासून नव्हे, 'ऑव्ह' सोनं लुटलं. 'क्युअर': डॉक्टरने रोग्याला 'ऑव्ह' ताप बरं केलं. 'रिलीव्ह': अधिकाऱ्याला 'ऑव्ह' कामाची जबाबदारी मोकळं केलं. 'क्लिअर', 'स्ट्रिप', 'डिप्राइव्ह' हे सगळे याच घरातले. 'रिड' त्यांचाच भाऊ. प्रत्येकात क्रम एकच: ज्याच्याकडून गेलं तो आधी, मग 'ऑव्ह', मग जे गेलं ते. आधी उतार, मग रान.

या क्रमाचं एक वाक्य इंग्रजी इतिहासात फार गाजलं. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री कँटरबरीच्या धर्मप्रमुखावर, थॉमस बेकेटवर, चिडला होता आणि 'या उपद्रवी धर्मगुरूपासून मला कोणी सोडवेल का' अशा अर्थाचं काहीतरी तो बोलून गेला. ते ऐकून चार सरदार निघाले आणि २९ डिसेंबर ११७० रोजी त्यांनी बेकेटला त्याच्याच कॅथेड्रलमध्ये मारलं. राजा फ्रेंच बोलणारा होता आणि त्याचे नेमके शब्द निरनिराळे सांगितले जातात, पण इंग्रजीत रूढ झालेल्या वाक्यात 'रिड मी ऑव्ह' आहे. आधी 'मी', मग 'ऑव्ह', मग धर्मगुरू. राजाला हलकं व्हायचं होतं. व्याकरण इतकं साधं, आणि त्याखाली एका माणसाचा जीव.

मात्र 'फ्री', 'लिबरेट', 'एस्केप' यांच्यापुढे 'फ्रॉम' चालतो. एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, 'गोवा गॉट रिड ऑव्ह द पोर्तुगीज'. व्याकरण चोख. पण निबंधात ते हलकं पडतं, घरातलं झुरळ घालवल्यासारखं, आणि त्यात राजवटीऐवजी माणसं येतात. आपण मुक्तिदिन म्हणतो, तर इंग्रजीतही तो भार हवा: गोवा 'वॉज लिबरेटेड फ्रॉम पोर्तुगीज रूल', १९ डिसेंबर १९६१. ज्यांनी तुरुंग भोगले त्यांच्याबद्दल लिहिताना शब्द निवडून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

वाक्यात बसवताना

नियम थोडे आहेत, भरभर सांगतो.

काळाप्रमाणे बदलतं ते 'गेट'. 'रिड' जिथल्या तिथे राहतं. काल घालवलं तर 'गॉट रिड ऑव्ह', आत्ता घालवतो आहे तर 'गेटिंग रिड ऑव्ह', घालवून झालं तर ब्रिटिश पद्धतीने 'हॅव गॉट रिड ऑव्ह' आणि अमेरिकी माणूस 'हॅव गॉटन रिड ऑव्ह' म्हणेल. 'रिडेड' किंवा 'रिडन' यांच्या वाटेला इथे जाऊ नका.

'थ्रो अवे'मध्ये 'इट' मधोमध येतं: 'थ्रो इट अवे'. त्या सवयीने पोरं 'गेट इट रिड' म्हणतात. तसं होत नाही. 'इट', 'देम', 'हिम' हे सगळे शेवटी: 'गेट रिड ऑव्ह इट'. प्रश्न विचारताना 'ऑव्ह' वाक्याच्या टोकाला लोंबकळत राहतो आणि तो तिथेच ठेवायचा असतो: 'व्हॉट आर यू गेटिंग रिड ऑव्ह?' आपल्याला तो तुटलेला वाटतो, इंग्रजाला वाटत नाही.

पुढे नाम हवं. 'गेट रिड ऑव्ह टू स्मोक' होत नाही. सवयीबद्दल बोलताना 'गेट रिड ऑव्ह द हॅबिट' चालतं, पण सिगारेट सोडली हे सांगायचं तर 'क्विट स्मोकिंग' किंवा 'गिव्ह अप स्मोकिंग' जास्त सहज.

'गेट'च्या जागी 'बी' आला की कृती संपते आणि स्थिती उरते. 'आय ॲम ग्लॅड टू बी रिड ऑव्ह इट' म्हणजे गेलं एकदाचं, आता बरं वाटतं आहे. मराठीत जिथे आपण 'मुक्त' लावतो तिथे हा बरेचदा बसतो.

कर्मणी वाक्य मात्र टाळा. 'द सोफा वॉज गॉट रिड ऑव्ह' व्याकरणात बसतं, कानाला बोचतं. तिथे 'वॉज थ्रोन आउट' किंवा 'वॉज रिमूव्ह्ड' म्हणा.

खोकला जाईना

आता वापर. सगळ्यात उपयोगी जागा दवाखाना आहे, आणि तिथे आपली वाक्यरचना इंग्रजीच्या अगदी उलटी चालते.

आपण म्हणतो, 'खोकला जाईना.' कर्ता खोकला. तो येतो, तो जातो, आपण फक्त वाट पाहतो. सुंठ, मध, काढा हे त्याला निरोप द्यायचे उपाय. 'सुंठीवाचून खोकला गेला' या म्हणीतसुद्धा जाणारा खोकलाच आहे. इंग्रजीत या जागी माणूस कर्ता होतो: 'आय कान्ट गेट रिड ऑव्ह धिस कफ.' मी प्रयत्न करतो आहे, मला जमत नाही. म्हणून मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून 'माय कफ इज नॉट गोइंग' असं केलं, तर डॉक्टरला समजतं पण अडखळतं. 'जाईना', 'निघेना', 'सुटेना', 'हटेना' अशी नकारी रूपं मनात आली की थांबा आणि मला 'आय कान्ट गेट रिड ऑव्ह' हवं आहे का ते पाहा. पावसाळ्यात हे दिवसातून चारदा लागेल. कपाटातला कुबट वास जाईना. चिऱ्याच्या भिंतीवरचं शेवाळ निघेना. चामड्याच्या पट्ट्यावरची बुरशी पुसली तरी आठ दिवसांनी परत. दाराच्या चौकटीतली वाळवी हटेना. सगळ्यांना हा एक शब्दप्रयोग पुरतो. डागाबद्दल मात्र 'द स्टेन वोन्ट कम आउट' हेही इंग्रजीत सहज आहे, आणि गंमत म्हणजे तिथे कर्ता आपल्यासारखाच डाग आहे.

यालाही मर्यादा आहे. सर्दी, खोकला, डोकेदुखी, उचकी यांना 'गेट रिड ऑव्ह' चालतं. कोणी कर्करोगातून उठलं असेल तर त्याच्याबद्दल हे बोलू नये. तिथे 'रिकव्हर्ड फ्रॉम' म्हणावं. मोठ्या दुखण्याशी झगडलेल्या माणसाला कपड्यावरची धूळ झटकल्याची भाषा लागत नाही.

देशातून, जगातून रोग गेला तर पुन्हा वेगळं. देवी १९८० साली जगातून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. तिथे शब्द 'इरॅडिकेट'. मार्च २०१४ मध्ये त्याच संघटनेने भारतासह आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त ठरवला, 'पोलिओ-फ्री'. वर्तमानपत्रात 'रिड द कंट्री ऑव्ह पोलिओ' अशी ओळ दिसली तर तीही बरोबर आहे, आणि क्रम पाहा: आधी देश, मग पोलिओ. उतार आणि रान.

बाजारात

शुक्रवारी संध्याकाळी म्हापशाच्या बाजारात उरलेला माल उतरत्या भावात जातो. उरलेले बांगडे, मऊ पडू लागलेले मानकुराद आंबे. विकणारीच्या मनात जे असतं ते इंग्रजीत नेमकं 'गेट रिड ऑव्ह' आहे: कसंही करून खपवायचं, परत न्यायचं नाही. म्हणजे या शब्दप्रयोगात फेकणंच असतं असं नाही. विकूनही मोकळं होता येतं.

पण हे मनात ठेवायचं. गिऱ्हाइकाला 'आय वॉन्ट टू गेट रिड ऑव्ह दीज मँगोज' सांगितलं, तर त्याला पहिली शंका मालाची येणार. दुकानदाराने 'लास्ट फ्यू लेफ्ट' म्हणावं, किंवा 'वी आर क्लिअरिंग द स्टॉक'. आणि उलटीकडून, कोणी जुनी स्कूटर विकताना 'आय जस्ट वॉन्ट टू गेट रिड ऑव्ह इट' म्हणाला, तर भाव करायला जागा आहे हे ओळखा. बोलणाऱ्याने स्वतःच सांगून टाकलं आहे की त्याला ओझं झालं आहे.

माणसांबद्दल

इथे फार जपून.

मराठीत माणूस घालवायचे कितीतरी प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा रंग निराळा. बोळवण करतो तेव्हा मान राखलेला असतो. कटवतो तेव्हा युक्ती केलेली असते. पिटाळून लावतो तेव्हा आवाज चढलेला असतो. नोकरीतून नारळ देतात, पदावरून उचलबांगडी होते, पक्षातून हकालपट्टी होते, आणि काटा काढला म्हटलं की रक्त दिसतं. 'गेट रिड ऑव्ह' या सगळ्यांना पुरून उरतं, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. 'दे गॉट रिड ऑव्ह हिम' एवढ्याच वाक्यावरून त्याला कामावरून काढलं की मारलं, हे कळत नाही. पुढचं-मागचं वाचावं लागतं. कचेरीची गोष्ट चालू असेल तर नारळ, गुन्ह्याची गोष्ट चालू असेल तर काटा. गुन्ह्याच्या बातमीत 'गॉट रिड ऑव्ह द बॉडी' आलं की ती मृतदेहाची विल्हेवाट.

वाचताना एवढं पुरे. स्वतः बोलताना मात्र माणसाच्या बाबतीत हा शब्दप्रयोग वापरण्याआधी तो माणूस शेजारी उभा आहे असं धरा. हॉटेलात उशिरापर्यंत बसलेल्या पाहुण्यांबद्दल स्वयंपाकघरात 'हाऊ डू वी गेट रिड ऑव्ह देम' म्हटलेलं बाहेर ऐकू गेलं, तर नोकरीवर बेतेल. कोणाला कामावरून कमी केलं हे पत्रात लिहायचं तर 'रिलीव्ह्ड ऑव्ह हिज ड्युटीज' किंवा 'लेट गो'. आणि जनावरांनाही हेच लागू. पाळलेलं कुत्रं दुसऱ्या चांगल्या घरी दिलं असेल तर 'वी फाउंड हिम अ न्यू होम' म्हणा. 'गॉट रिड ऑव्ह' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, रस्त्यावर सोडलं.

'गुड रिडन्स' हे याच शब्दाचं नाम. कोणी गेल्यावर म्हणायचं: ब्याद टळली, पीडा गेली. समजून घ्या, पण बोलायची घाई करू नका. दार बंद झाल्याशिवाय तर मुळीच नाही.

चवथीआधीची आवराआवर

सराव कसा करावा हे मला वर्गातल्या पुस्तकापेक्षा घरात जास्त चांगलं दिसतं. चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, आपल्याकडे सगळं घर उलथंपालथं होतं. भिंतींना रंग, माळ्यावरचं खाली, खालचं अंगणात. अंगणात जो ढीग पडतो तोच तुमचा धडा. एकेक वस्तू हातात घ्या, आधी मराठीत क्रियापद ठरवा, मग इंग्रजीकडे जा. हा क्रम उलटा करू नका.

तुटलेला टेबलफॅन. मराठीत: मोडीत काढायचा, भंगारवाल्याला द्यायचा. हलकं कोण होतं? आपण. तर 'गेट रिड ऑव्ह' अगदी योग्य.

मुलाचे लहान झालेले कपडे, अजून चांगले. मराठीत: देऊन टाकायचे. 'गेट रिड ऑव्ह' चुकीचं नाही, पण ज्याला देणार त्याच्यासमोर म्हणू नका. 'गिव्ह अवे' म्हणा.

संपलेल्या बॅटऱ्या, जुना मोबाईल. घरात बोलताना 'गेट रिड ऑव्ह', पण सोसायटीच्या फलकावर किंवा पंचायतीला लिहिताना 'डिस्पोज ऑव्ह'. त्यालाही मागे एक एफचा 'ऑव्ह' लागतो, तो विसरला जातो. मराठीत 'विल्हेवाट लावणे'. जो सरकारी पत्रात 'विल्हेवाट' लिहील, त्याने इंग्रजीत 'डिस्पोज ऑव्ह' लिहावं. गटारातल्या गाळासाठी पंचायतीला अर्ज करताना 'क्लिअर द ड्रेन' पुरतं.

आजीचा लाकडी पेटारा. बिजागरी तुटलेली, जागा खातो, आता कोणी तो ठेवणार नाही. तरी इथे हात अडतो. मराठीत आपण काय म्हणू? 'काढून टाकला' म्हणताना जीभ अडखळते. 'द्यावा लागला' म्हणू. इंग्रजीत त्यासाठी 'पार्ट विथ' आहे: 'वी हॅड टू पार्ट विथ इट.' हवी असलेली वस्तू सोडताना हेच शब्द. 'गॉट रिड ऑव्ह माय ग्रँडमदर्स बॉक्स' म्हटलंत तर इंग्रजी शुद्ध असेल, पण तुम्हाला जे वाटलं ते त्यात नसेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण ढिगात नाही, मखरात आहे. परदेशी पाहुणे विचारतात, पूजा झाल्यावर मूर्तीचं काय करता? एका विद्यार्थिनीने उत्तर दिलं होतं, 'वी गेट रिड ऑव्ह इट इन द रिव्हर.' तिला सांगायचं होतं विसर्जन. पाहुण्याला ऐकू आलं, नदीत टाकून मोकळे होतो. ज्या घरी दीड, पाच, सात दिवस आरत्या झाल्या, मूर्तीवर फळाफुलांची माटोळी सजली, आणि निरोपाला घरातल्या बायकांचे डोळे भरून आले, तिथे मोकळं कोण होतं? उलट घर सुनं होतं. शब्द आहे 'इमर्स': 'वी इमर्स द आयडल.' निर्माल्याबद्दलही तेच, 'वी इमर्स द फ्लॉवर्स', किंवा झाडाच्या बुंध्याशी घालत असाल तर सरळ तसंच सांगा. नरकासुराचं वेगळं. त्याला नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण जाळतो ते तो नको म्हणूनच. 'वी बर्न द एफिजी टू गेट रिड ऑव्ह ईव्हिल' म्हणायला काहीच हरकत नाही.

त्या मुलीला मी दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दिली, एक मूर्तीचं, एक नरकासुराचं. ती आता पणजीत काम करते. गेल्या चवथीला एका पाहुण्याने तिला तोच प्रश्न विचारला आणि तिने 'इमर्स' म्हटलं. त्याने पुढे विचारलं, 'आर यू सॅड?' 'येस,' ती म्हणाली, 'एव्हरी इयर.'